नोंदवहीतला हुकूम

मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए.ला मराठी घेतलं, पुढेही शब्दांच्याच सोबतीत दिवस काढले. संगणकाशी माझं नातं कविता टाइप करून संपादकांना पाठवण्यापुरतं. तेव्हा असा माणूस फायरवॉल या विषयावर बोलायला बसला आहे हे ऐकून तुमच्यापैकी काहींना हसू येईल. मलाही आलं असतं. पण एके दिवशी माझा भाचा हातात मेमो घेऊन घरी आला. त्या मेमोचं उत्तर नीटस मराठीत लिहून देण्याचं काम माझ्याकडे आलं आणि हा विषय शिकल्याशिवाय मला गत्यंतर राहिलं नाही.

भाचा एका पतसंस्थेत संगणक सांभाळतो. मुख्य कचेरी आणि चार शाखा मिळून चाळीसेक संगणक, आणि ते सगळे एका लहानशा पेटीच्या मागे. त्या पेटीचं नाव फायरवॉल. एका सोमवारी सकाळी भाच्याच्या लक्षात आलं की या पेटीचा कारभार पाहणाऱ्यांच्या यादीत एक नाव जास्त आहे. दोन नावं असायला हवी होती, तीन दिसत होती. त्याने ते तिसरं नाव काढलं, सगळे पासवर्ड बदलले आणि वरिष्ठांना आपणहून कळवलं. पैसा गेला नव्हता, कुणाच्या खात्याला धक्का लागला नव्हता. पण चौकशीत निघालं की आधीच्या शुक्रवारी दुपारी त्याने मेलमधल्या एका लिंकवर क्लिक केलं होतं. झालं! अनोळखी लिंक उघडून संस्थेची सुरक्षितता धोक्यात आणल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, असा मेमो त्याच्या टेबलावर आला.

तो मला म्हणाला, "मामू, क्लिक केलं हे खरं. पण मी पासवर्ड कुणाला सांगितला नाही, कसली फाइल उतरवून घेतली नाही. फक्त एक पान उघडलं, आणि तेही आपल्याच फायरवॉलचं होतं. तुम्हीच सांगा, चूक माझी की पेटीची?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना तीन संध्याकाळी त्याने मला जे शिकवलं आणि मी पुढे जे वाचलं, ते आज तुम्हाला सांगतो.

फायरवॉल हा मुळात बांधकामातला शब्द. एका खोलीत लागलेली आग दुसऱ्या खोलीत जाऊ नये म्हणून मध्ये जी जाड भिंत घालतात, ती फायरवॉल. संगणकांच्या जगात हा शब्द १९८० च्या दशकाच्या अखेरीस रुळू लागला. इंटरनेट तेव्हा लहान होतं, बहुतेक विद्यापीठांचं आणि प्रयोगशाळांचं. एकमेकांवर विश्वास ठेवून सगळं चाले. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्राम स्वतःच्या नकला काढत हजारो संगणकांत शिरला आणि ते लहानसं इंटरनेट लटपटलं. त्यानंतर फाटकाला राखणदार हवा, हे अनेकांना पटलं. माहिती जाळ्यातून जाते ती लहान लहान पाकिटांच्या रूपात. प्रत्येक पाकीट कुठून आलं, कुठे चाललं, कोणत्या कामासाठी, हे पाहून नियमांत बसलं तर आत सोडायचं, नाहीतर परत पाठवायचं. फायरवॉलचं मूळ काम एवढंच.

ते ऐकताना मला माझे अब्बा आठवले. ते एका जिनिंग फॅक्टरीच्या फाटकावर राखणदार होते. शिक्षण चौथीपर्यंतचं. फाटकाजवळ एक लाकडी स्टूल आणि स्टुलावर दोरीला पेन्सिल बांधलेली नोंदवही. तारीख, नाव, गाव, काम, आल्याची वेळ, गेल्याची वेळ असे रकाने. आत जाणाऱ्याने ते भरायचे. ज्याला आत सोडलं नाही त्याचीही नोंद व्हायची, आणि पुढे 'परत' असा शेरा. संध्याकाळी ती वही मालकांच्या टेबलावर जायची.

फायरवॉलही अशीच नोंदवही ठेवते. तिला लॉग म्हणतात. कोण आलं, कुणाला परत पाठवलं, कुणी खोटं नाव सांगून आत शिरायचा प्रयत्न केला, हे सगळं त्यात असतं. या वहीकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे.

आता या राखणदाराला नियम कोण सांगतो? संस्थेचा कारभारी, म्हणजे माझ्या भाच्यासारखा माणूस. फायरवॉलच्या पेटीला सहसा पडदा किंवा कळफलक जोडलेला नसतो. कारभारी आपल्या टेबलावरच्या संगणकात ब्राउझर उघडतो, म्हणजे आपण बातम्या वाचायला किंवा रेल्वेचं तिकीट काढायला उघडतो तोच. त्यात पेटीचा पत्ता टाकतो, नाव आणि पासवर्ड देतो, आणि पेटी त्याच्यासमोर एक पान उघडते. त्या पानावर नियम बदलायची बटणं असतात, कारभाऱ्यांची यादी असते आणि ती नोंदवहीही असते.

प्रत्येक बटणाला पुन्हा पासवर्ड विचारला तर कामच होणार नाही. म्हणून एकदा ओळख पटली की पेटी ब्राउझरला एक खूण देते. पूर्वी बँकेत पैसे काढायला गेलं की पितळेचं टोकन मिळायचं, आठवतं का? ते हातात असलं की काउंटरवर नाव-गाव विचारत नसत. तसंच हे टोकन. संगणकवाले त्याला कुकी म्हणतात. कारभारी बाहेर पडेपर्यंत, म्हणजे लॉगआउट करेपर्यंत, ते ब्राउझरच्या खिशात असतं. त्या ब्राउझरकडून आलेला प्रत्येक हुकूम पेटीच्या लेखी कारभाऱ्याचाच असतो.

इथपर्यंत सरळ आहे. गोम पुढे आहे, आणि ती शब्दांची आहे. म्हणून तर माझ्यासारख्याला ती कळली.

आपल्याला पडद्यावर दिसतं ते पान ब्राउझरकडे जसंच्या तसं येत नाही. त्याच्याकडे येतो एक लांबलचक मजकूर. त्यात दोन गोष्टी एकात एक गुंफलेल्या असतात. एक, वाचणाऱ्याला दाखवायचे शब्द. दुसरी, ब्राउझरने काय करायचं याच्या आज्ञा. दोन्हींची लिपी एकच. आज्ञा कुठे सुरू झाली हे ब्राउझर मुख्यतः एका चिन्हावरून ओळखतो. शाळेत गणितात 'पेक्षा लहान' दाखवायला आपण जो टोकदार कंस काढायचो, तेच हे चिन्ह. ते दिसलं की ब्राउझर समजतो, आता दाखवायचे शब्द संपले, आज्ञा सुरू झाली. सुरुवातीला या आज्ञा साध्या असत. अक्षर ठळक कर, इथे चित्र लाव, अशा. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत एक भाषा घडवली. तीच पुढे जावास्क्रिप्ट म्हणून जगभर पसरली. तिच्यामुळे पानातली आज्ञा बळकट झाली. ती मजकूर बदलू शकते, फॉर्म भरू शकते, बटण दाबल्याप्रमाणे काम करू शकते, आणि तेही समोर बसलेल्या माणसाला काही न कळता.

एक आपल्यातलं उदाहरण घ्या. एसटीच्या रस्त्यावर जागोजागी 'विनंती थांबा' अशी पाटी असते. तिथे 'थांबा' हे नाम आहे, एका जागेचं नाव. पण हाच शब्द कुणी मोठ्याने म्हटला तर तो हुकूम होतो, आणि आपण जागच्या जागी थबकतो. अक्षरं तीच, उच्चार तोच. कुठे नाव आहे आणि कुठे हुकूम, हे आपल्याला संदर्भावरून कळतं. पाटीखालून जाताना कुणी दचकून उभं राहत नाही. ब्राउझरला मात्र संदर्भ कळत नाही. 'हे नुसतं नाव आहे, हुकूम नव्हे' हे त्याला पान तयार करणाऱ्यानेच नीट सांगायला हवं. ते सांगायचं राहून गेलं की जो दोष उरतो, त्याला क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणतात.

आता पुन्हा अब्बांच्या फाटकाकडे येऊ. एकदा कुणा वात्रट माणसाने नोंदवहीतल्या 'काम' या रकान्यात लिहून ठेवलं, 'राखणदाराने रात्री मागचं फाटक उघडं ठेवावं.' दुसऱ्या दिवशी मालकांनी ते वाचलं आणि दोघेही हसले. ती ओळ वहीत तशीच राहिली. अब्बांनी मागचं फाटक उघडं ठेवलं नाही आणि मालकांनीही ठेवायला सांगितलं नाही. वहीत लिहिलेलं हे लिहिलेलंच असतं, ते करायचं नसतं, एवढं चौथी शिकलेल्या माणसालाही ठाऊक होतं.

पण समजा, ती वही वाचताना मालकांच्या तोंडून ते शब्द हुकमासारखे बाहेर पडले असते आणि आवाज मालकांचा म्हणून अब्बांनी ते ऐकले असते तर? नेमकं असंच एका फायरवॉलमध्ये घडू शकत होतं.

ऑक्टोबर २००८ मधली गोष्ट. ज्युनिपर या कंपनीच्या नेटस्क्रीन नावाच्या फायरवॉलमध्ये एक दोष जाहीर झाला. पेटीच्या दाराशी नाव आणि पासवर्ड विचारणारं पान असतं. हल्लेखोराने तिथे नावाच्या रकान्यात नावाऐवजी आज्ञा लिहायची. पासवर्ड त्याला ठाऊक असण्याची गरजच नाही. साहजिकच फायरवॉल त्याला परत पाठवायची. तिने आपलं काम चोख केलं. आणि चोख कामाचाच भाग म्हणून ते 'नाव' नोंदवहीत उतरवलं. पुढे कधीतरी खरा कारभारी आत येऊन नोंदवहीचं पान उघडणार. पेटी ते नाव जसंच्या तसं पानात घालणार. ब्राउझरला टोकदार कंस दिसणार, तो हुकूम समजणार आणि पाळणार. खिशात कारभाऱ्याचं टोकन आहेच! फाटकावरून हाकललेला माणूस मालकाच्या आवाजात बोलू लागतो, तो असा. कंपनीने दुरुस्ती केली, नव्या आवृत्त्या दिल्या. पण ही गोष्ट मला फार अस्वस्थ करून गेली. इथे कारभाऱ्याने कसलीच अनोळखी लिंक उघडलेली नाही. त्याने फक्त रोजची वही वाचली. जो जास्त काळजीने वही वाचेल, तोच आधी सापडेल.

ही झाली साठवलेल्या शब्दाची तऱ्हा. दुसरी तऱ्हा प्रतिध्वनीची. तुम्ही एखाद्या पानावर काही शोधलंत तर 'अमुक शब्द सापडला नाही' असं उत्तर येतं. म्हणजे पान तुमचाच शब्द तुम्हाला परत ऐकवतं. हा शब्द पुष्कळदा पानाच्या पत्त्याच्या शेपटीला जोडलेला असतो. हल्लेखोर काय करतो? खऱ्या पेटीच्या खऱ्या पत्त्याच्या शेपटीला आज्ञा बांधतो आणि ती लिंक कारभाऱ्याला मेलने धाडतो. कारभारी दुसऱ्या खिडकीत आधीच पेटीत शिरलेला असतो. तो लिंक उघडतो. पेटी ती शेपूट निमूटपणे परत ऐकवते आणि ब्राउझर तिचं ऐकतो. भाच्याच्या बाबतीत हेच झालं होतं. पान खरंच आपल्याच फायरवॉलचं होतं. तेच तर या फसवणुकीचं मर्म आहे.

कुणाला वाटेल की हे जुनाट किंवा स्वस्तातल्या पेट्यांचं दुखणं असावं. तसं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पालो आल्टो नेटवर्क्स या नामांकित अमेरिकन कंपनीने आपल्या फायरवॉलच्या कारभाराच्या पानात नेमका असाच प्रतिध्वनीचा दोष असल्याचं जाहीर केलं आणि तो गंभीर मानला. आत शिरलेल्या कारभाऱ्याला लिंक उघडायला लावली तर त्याच्या नावावर कारभार करता येईल, असं कंपनीने स्वतः सांगितलं.

पीएफसेन्स नावाची एक फायरवॉल आहे. २००४ पासून ती वाढत आली, तिची एक आवृत्ती मोफत मिळते आणि लहानमोठ्या कचेऱ्यांत ती भरपूर वापरली जाते. २०२३ च्या जुलैत स्वित्झर्लंडच्या सोनार या कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातले तीन दोष निर्मात्यांना कळवले. दोन या प्रकारचे, दोन वेगवेगळ्या पानांतले. तिसरा वेगळा. कारभाऱ्याने एका रकान्यात भरलेला मजकूर पेटीच्या पोटातली यंत्रणाच हुकूम म्हणून चालवत असे. एकेकटे पाहिले तर हे दोष मध्यम वाटतात. जोडून पाहिले तर कारभाऱ्याच्या एका क्लिकवर पेटी पूर्णपणे परक्याच्या ताब्यात. नोव्हेंबर २०२३ मध्ये दुरुस्त आवृत्ती आली. डिसेंबरमध्ये संशोधकांनी तपशील प्रसिद्ध केला, तेव्हा अशा सुमारे १,४५० पेट्या दुरुस्तीविना इंटरनेटवर उघड्या दिसत होत्या.

सिस्को कंपनीच्या एएसए या फायरवॉलची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तिच्या वेब सेवेतले असे दोष ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर झाले, दुरुस्तीही आली. पण ती दुरुस्ती अपुरी ठरली, म्हणून एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा दुरुस्ती करावी लागली. जून २०२१ मध्ये एका संशोधन संस्थेने हा हल्ला कसा करता येतो याचा नमुना उघडपणे प्रसिद्ध केला आणि पाठोपाठ प्रत्यक्ष हल्ले होऊ लागल्याचं दिसून आलं. दुरुस्ती कंपनीकडे तयार होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, त्यांची दारं मात्र उघडी होती.

तुम्ही म्हणाल, कारभाराचं पान बाहेरच्यांना दिसूच दिलं नाही तर? तेवढं करायलाच हवं. पण तेवढ्याने भागत नाही. कारण या हल्ल्यात परका माणूस फाटकातून आत येतच नाही. आत बसलेल्या कारभाऱ्याचा ब्राउझर त्याच्यासाठी काम करतो. पेटीचा आतला पत्ता त्याला अंदाजाने कळू शकतो. पीएफसेन्सच्या पेटीला कारखान्यातून मिळणारा आतला पत्ता ठरलेला असतो, आणि कित्येक जण तो बदलतच नाहीत.

या दोषाचं नाव तसं अवघड आहे, पण त्यामागे कारण आहे. एका संकेतस्थळाच्या आज्ञेने दुसऱ्या संकेतस्थळाच्या खिशात हात घालू नये, असा ब्राउझरचा जुना दंडक आहे. या हल्ल्यात परक्याची आज्ञा विश्वासातल्या स्थळाच्या पानातूनच येते, म्हणून दंडक मोडल्याचं ब्राउझरला कळत नाही. हद्द ओलांडून आलेली आज्ञा, म्हणून क्रॉस-साइट. हे नाव २००० च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी दिलं आणि २ फेब्रुवारी २००० रोजी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सर्ट या केंद्राने जगाला पहिला मोठा इशारा दिला. ऑक्टोबर २००५ मध्ये सॅमी कामकार या तरुणाने मायस्पेस या संकेतस्थळावर आपल्या ओळखपानात अशी एक आज्ञा लिहून ठेवली. जो ते पान पाहील त्याच्याही पानात ती उतरायची. एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक लोकांच्या पानांवर सॅमीचं नाव झळकलं. ती थट्टा होती, पण तिने जगाचे डोळे उघडले.

उघडले म्हणावे, तर पुन्हा मिटलेही. कारण दोष जुना, उपायही जुनाच. पानात बाहेरचा शब्द घालण्याआधी त्यातल्या टोकदार कंसाच्या जागी 'हा नुसता दाखवायचा कंस आहे' असं सांगणारी ठरलेली खूण घालायची. तेवढं केलं की ब्राउझर तो शब्द दाखवतो, पाळत नाही. आपण दुसऱ्याचं बोलणं लिहिताना अवतरणचिन्हात घालतो, तसंच हे. अवतरणात 'मर' लिहिलं म्हणून कुणी मरत नाही. काम कष्टाचं नाही. पण ते प्रत्येक पानावर, प्रत्येक रकान्यात, एकही न विसरता करावं लागतं. फायरवॉलच्या पानाबाबत तर एक भाबडा समज आड येतो. हे पान आपलेच लोक पाहणार, मग कशाला एवढी काळजी? पाहणारे आपलेच असतात, पण त्यात उमटणारे शब्द परक्यांचे असतात, हे विसरलं जातं.

अमेरिकेतल्या मायटर या संस्थेने २०२४ साली सर्वांत घातक अशा २५ दोषांची यादी काढली, तिच्यात पहिला क्रमांक याच दोषाचा होता. नाव मिळून चोवीस वर्षं झाल्यावर! त्याच वर्षी १७ सप्टेंबरला अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था सीसा आणि तिथली तपास यंत्रणा एफबीआय यांनी मिळून एक पत्रक काढलं. हा दोष टाळता येण्याजोगा आहे आणि तो मुळातूनच नाहीसा करा, असं त्यांनी बजावलं. कुणाला? लिंक उघडणाऱ्यांना नव्हे, तर सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांच्या प्रमुखांना. हे वाचलं आणि मेमोचं उत्तर कसं लिहायचं ते मला उमगलं.

अर्थात कारभाऱ्याच्या हाती काहीच नाही असं नव्हे. भाच्याने आता स्वतःला काही नियम घालून घेतले आहेत. फायरवॉलच्या कामासाठी वेगळा ब्राउझर, त्यात मेल उघडायचा नाही, बातम्याही वाचायच्या नाहीत. काम झालं की लगेच लॉगआउट, म्हणजे खिशात टोकन उरत नाही. कारभाराचं पान ठरावीक एका संगणकावरूनच उघडेल अशी व्यवस्था. कारभाऱ्यांच्या यादीवर दर सोमवारी नजर. आणि सर्वांत महत्त्वाचं, निर्मात्याकडून दुरुस्ती आली की ती बसवायची. आपल्याकडे २००४ पासून काम करणारी सर्ट-इन ही सरकारी संस्था अशा दोषांच्या सूचना आपल्या संकेतस्थळावर देत असते, त्या तो आता नेमाने वाचतो. अशी घटना घडली तर लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इनला कळवावं, असा एप्रिल २०२२ चा आदेश आहे, हेही त्याला ठाऊक आहे.

पतसंस्थेची कागदपत्रं पाहिली तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. आमच्या गोष्टीतला दोष नवा नव्हताच. पेटीच्या निर्मात्याने त्यावरची दुरुस्ती वर्षभरापूर्वी दिली होती. पण ती मिळवायला वार्षिक देखभालीचा करार चालू असावा लागतो. तो संपला होता. नूतनीकरणासाठी भाच्याने दोनदा टिपण दिलं होतं, दोन्ही वेळा 'पुढील सभेत ठेवावे' असा शेरा मारून ते परत आलं होतं. शिवाय शाखांच्या सोयीसाठी कारभाराचं पान इंटरनेटवर उघडं ठेवलेलं होतं, आणि सगळे जण त्याच पत्त्यावरून आत जात. तेही त्याच्या एकट्याच्या निर्णयाने नव्हे.

मग मी उत्तर लिहिलं. कविता लिहिताना मी एवढी खाडाखोड करत नाही. पहिल्या परिच्छेदात कबुली दिली, की लिंक उघडली हे खरं आहे आणि यापुढे कोणती काळजी घेतली जाईल ते सोबत जोडलं आहे. दुसऱ्यात लिहिलं, की दिवसाला शंभर मेल उघडणं हे ज्याचं काम आहे, त्याच्याकडून वर्षात एक चुकीची लिंक उघडली जाणारच. एका क्लिकवर संस्थेचं फाटक उघडत असेल तर दोष क्लिकचा नाही, फाटकाचा आहे. तिसऱ्यात दोन्ही टिपणांच्या तारखा दिल्या. भाच्याने वाचलं आणि म्हणाला, "मामू, दुसरा परिच्छेद जरा जड होतोय." मी म्हटलं, "राहू दे. तोच खरा आहे."

राखणाऱ्या माणसाकडून आपण फार मागतो. त्याने कधी डुलकी घ्यायची नाही, कधी चुकायचं नाही. पण त्याच्या हातात दिलेली वही कशी आहे, हे आपण पाहत नाही. ज्या वहीत कुणीही येऊन नावाच्या जागी हुकूम लिहावा आणि तो पाळला जावा, अशी वही देऊन राखणदाराला जाब विचारणं न्यायाचं नाही. तुम्ही एखाद्या पतसंस्थेचे, शाळेचे, दवाखान्याचे संचालक असाल, तर तुमच्या फाटकावरच्या पेटीचा देखभाल करार चालू आहे का, शेवटची दुरुस्ती कधी बसवली, हे दोन प्रश्न पुढच्या सभेत जरूर विचारा.

भाच्याचा मेमो मागे घेतल्याचं पत्र काही आलं नाही. कारवाईचंही आलं नाही. पण त्या महिन्याच्या सभेत देखभालीच्या कराराला मंजुरी मिळाली आणि पुढच्या शनिवारी रात्री उशिरापर्यंत थांबून त्याने पेटीवर दुरुस्ती बसवली. घरी जाताना माझ्याकडे आला. जेवता जेवता मी त्याला त्याच्या नानांच्या नोंदवहीची गोष्ट सांगितली, मागच्या फाटकाची. तो हसला आणि म्हणाला, "नाना तर आमच्या पेटीपेक्षा हुशार होते."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)